सरकी पेंड आणि गोळी पशुखाद्य: नाव एक, पोती दोन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात दुकानाच्या दारात उभे राहून 'पेंडीचं पोतं द्या' म्हटले की समोरून प्रश्न येतो, 'सरकी का गोळी?' बोलण्यात दोन्ही पेंडच असतात, पण गोळी ही पेंड नव्हे. (विदर्भात पेंडीला ढेप म्हणतात आणि आपल्याकडे पेंडी म्हटले की वैरणीची जुडी आठवते, त्यामुळे शब्दांचा घोळ तसा जुनाच आहे.)

पेंड म्हणजे तेलबियांतून तेल काढून घेतल्यावर उरणारा चोथा. सरकी, म्हणजे कापसाचे बी, बहुधा न सोलताच गाळली जात असल्याने तिच्या पेंडीत टरफल आणि कापसाची लव शिल्लक राहते. म्हणून ती तंतुमय असते, तीत थोडे तेल उरते आणि प्रथिने साधारण 20 ते 24 टक्के भरतात. दुधाचा दर फॅटवर ठरत असल्यामुळे 'सरकीनं फॅट लागते' हा म्हैसवाल्यांचा अनुभव निव्वळ समजूत म्हणून झटकून टाकता येत नाही.

गोळी हे मिश्रण आहे. मका, तेल काढलेला तांदळाचा कोंडा, गव्हाचा भुसा, दोन-तीन प्रकारच्या पेंडी, मळी, मीठ, खनिजे आणि जीवनसत्त्वे एकत्र करून, वाफ देऊन, छिद्रांच्या साच्यातून दाबून ती तयार होते. म्हणजे पेंड हा तिचा केवळ एक घटक आहे. यातली मळी आपल्या साखर कारखान्यांना परकी नाही, सरकी मात्र बाहेरून येते, आणि सरकी पेंडीच्या वायदेबाजाराचे केंद्र अकोला असल्याने तिचा भाव आपल्या गोठ्यापासून फार दूर ठरतो.

सहकारी दूध संघ संकलनावर न थांबता खाद्याच्या कारखान्यांकडे का वळले, याचे एक उत्तर इथे सापडते. गुजरातमध्ये अमूलच्या कंजरी येथील पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन 1964 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केले. कोल्हापूरचा गोकुळ संघ 1963 चा, आणि पुढे त्यानेही गडमुडशिंगीला स्वतःचा पशुखाद्य कारखाना उभारला. गावच्या दूध संस्थेतून पोते उचलायचे आणि पैसे दूध बिलातून कापून द्यायचे, ही सोय झाल्यावर रोख पैसा हाती नसलेल्या घरातही गोळी पोहोचली. माझ्या मते या धंद्याच्या वाढीत जाहिरातीपेक्षा या कपातीचा वाटा मोठा आहे.

खरा फरक कॅल्शियममध्ये दिसतो. गाईच्या एका लिटर दुधातून सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, पेंडीत ते फार थोडे असते, आणि गळीत हंगामात आपण जे उसाचे वाडे (हिरवे शेंडे) भरभरून घालतो त्यातले ऑक्झॅलेट हे द्रव्य उरलेले कॅल्शियमही बांधून टाकते. त्यामुळे नुसती सरकी आणि वाडे यांवर काढलेले जनावर व्याल्यानंतर बसले आणि उठेना, तर नशिबाला बोल लावण्याआधी दावणीत काय पडत होते ते पाहावे. सरकी घालायचीच असेल, तर खनिज मिश्रण वेगळे द्यावे लागते. लहान वासरांना मात्र ती देऊच नये, कारण तीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना बाधते.

गोळीतही खोच आहे. आयएस 2052 या भारतीय मानकात पहिल्या प्रकारच्या पशुखाद्यासाठी किमान 22 आणि दुसऱ्यासाठी किमान 20 टक्के प्रथिने सांगितली आहेत. पण पोत्याच्या तोंडाला शिवलेल्या चिठ्ठीवरचा हा आकडा नत्रावरून काढलेला असतो, आणि युरिया प्रथिन नसला तरी त्यात नत्र भरपूर असल्याने टक्काभर युरिया मिसळला तरी तो पावणेतीन अंकांहून अधिक वर चढतो. मोठ्या जनावराच्या कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जंतू थोडा युरिया पचवतात, म्हणून ही लबाडीच आहे असे नाही. तरी तो आकडा पेंडीच्या आकड्याशेजारी मांडून किलोमागे भाव जुळवणे चुकीचे ठरते.

पोते घरी आल्यावर दोन्हींची मूठमूठ वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून पाहावी. सरकी फुगते आणि लव, टरफले बोटांना लागतात. गोळी विरघळून तिचा लगदा होतो, तळाशी वाळू खरखरली तर दुसऱ्या खेपेला ते पोते घेऊ नये. वास कुबट आला, तर मात्र सरकी असो वा गोळी, ते आंबोण दावणीपर्यंत जाऊ देऊ नये, कारण बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते.