पेला नव्हे, शंख

देव्हाऱ्यात ठेवायचा शंख आणि वाजवायचा शंख वेगळा. पूजेच्या शंखाचा शेंडा शाबूत असतो, त्यात पाणी भरतात. वाजवायच्या शंखाचा शेंडा कापलेला असतो आणि तिथेच ओठ लावून फुंकायचं असतं. शेंडा कापलेल्या शंखात पाणी राहणार नाही, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं.

मला हे आठवलं ते फ्रान्समधल्या मार्सुलास गुहेमुळे. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गुहेत १९३१ साली उत्खनन करणाऱ्यांना ३१ सेंटीमीटर लांबीचा एक भलामोठा शंख सापडला. त्याचा शेंडा तुटलेला होता. तो आपोआप तुटला असावा आणि लोक या शंखातून काहीतरी पीत असावेत, असं त्यांनी ठरवलं. ‘पेला’ म्हणून त्याची नोंद झाली आणि तुलूजच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात तो ऐंशीहून अधिक वर्षं तसाच पडून राहिला.

पुढे संग्रहाची नव्याने तपासणी करताना कारोल फ्रिट्झ, जील तोसेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा हातात घेतला. शेंडा हा शंखाचा सर्वांत टणक भाग. बाकीचा शंख धड आणि नेमका शेंडाच तुटलेला, हे त्यांना खटकलं. सीटी स्कॅन केला, आत बारीक कॅमेरा घातला. तेव्हा दिसलं की शेंडा कुणीतरी मुद्दाम, बेताने ठोकून काढला आहे. आतल्या वेटोळ्यांच्या पडद्यालाही गोल भोक पाडलेलं आहे. फुंकायच्या जागी नळी बसवायची असेल, तर असंच भोक लागतं. फुंकायच्या जागेच्या कडेवर तपकिरी चिकट पदार्थाचे अंश होते, म्हणजे ओठांना बोचू नये म्हणून तिथे काहीतरी चिकटवलेलं असावं. शंखाच्या आत लाल गेरूचे बोटाने उमटवलेले ठिपकेही होते. त्याच गुहेच्या भिंतीवर असल्याच सुमारे तीनशे ठिपक्यांनी रेखाटलेला एक बायसन, म्हणजे गव्यासारखा रानबैल आहे. भिंतीवरचं चित्र आणि हातातलं वाद्य एकाच रंगाने सजवलं होतं.

मग एका वादकाने तो फुंकला. सूर निघाले तीन, एकमेकांना अगदी लागून असलेले. आवाज एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल, म्हणजे बंद गुहेत अंगावर काटा येईल इतका. शंखाचं वय सुमारे १८,००० वर्षं. समुद्र गुहेपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. शंख तिथवर आणण्याचे कष्ट कुणीतरी घेतले होते. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झालं.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की पुरावा नव्वद वर्षं डोळ्यांसमोर होता. तुटलेला शेंडा सगळ्यांना दिसत होता. फक्त ‘हे वाजत असेल का?’ असं कुणी विचारलं नव्हतं. पुरातत्त्व हे बघण्याचं शास्त्र झालं आहे. आपण मोजतो, रेखाटतो, फोटो काढतो. कानाचं काम त्यात फार उशिरा आलं.

१९८०च्या दशकात इगोर रेझनिकॉफ आणि मिशेल दोवा यांनी फ्रान्समधल्या चित्रगुहांत हे काम केलं. रेझनिकॉफ गुहेतून गात, गुणगुणत पुढे जायचे आणि आवाज कुठे घुमतो ते टिपायचे. जिथे आवाज जास्त घुमतो, तिथेच चित्रांची गर्दी आहे, असं त्यांनी मांडलं. पुढे स्पेनमधल्या पाच गुहांत ध्वनिमापन यंत्रं नेऊन हा दावा तपासण्यात आला. २०१७ साली आलेलं उत्तर सौम्य होतं: संबंध आढळतो, पण तो क्षीण आहे. मला हे उत्तर आवडतं. कान लावून ऐकायचं, तर ‘इथे काही ऐकू येत नाही’ हेही मान्य करायची तयारी हवी.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाची गोष्ट वेगळी आहे. तिथले कित्येक दगड पडले, गायब झाले, त्यामुळे मूळचा आवाज आता तिथे उभं राहून ऐकता येत नाही. सॅलफर्ड विद्यापीठातल्या ट्रेव्हर कॉक्स यांना त्यासाठी १५७ दगडांची, मूळच्या एक बारांश आकाराची प्रतिकृती उभारावी लागली. २०२० साली त्यांनी दाखवलं की वर्तुळाच्या आत बोलणाऱ्याचा आवाज दगडांमुळे चार डेसिबलने वाढत होता. दगड हलले, की त्यांच्यामधला आवाजही जातो. नंतर त्याची प्रतिकृतीच करावी लागते.

आपल्या शेजारचा एक आवाज मात्र अजून शिल्लक आहे. कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगल नावाची टेकडी आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कुपगल तिथून फार लांब नाही, पण तिथले वाजणारे दगड त्या खांबांहून हजारो वर्षं जुने आहेत. नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी तिथल्या काळ्या डोलेराइटच्या धोंड्यांवर लांब शिंगांचे बैल कोरले. काही धोंड्यांवर मात्र चित्र नाही, नुसते गुळगुळीत खळगे आहेत. तिथे दगडाने ठोकलं की घंटेसारखा खणखणीत नाद निघतो. पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांनी २००४ साली यावर लिहिलं आणि ही जागा पुन्हा जगासमोर आली. या परिसराचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही केला आहे. सुब्बराव यांचा बळ्ळारीच्या अश्मयुगावरचा प्रबंध तिथूनच १९४८ साली प्रसिद्ध झाला.

दगड वाजतो कसा? तो घट्ट, बारीक कणांचा हवा, आतून तडकलेला नको. शिवाय तो एकदोन बिंदूंवरच टेकलेला हवा, म्हणजे बाकीचं अंग मोकळेपणी थरथरू शकतं. घंटा हाताने धरली की मुकी होते, तसंच इथेही. म्हणून असा धोंडा उचलून संग्रहालयात नेला, तर दगड येईल, नाद येईलच असं नाही. नाद त्या टेकडीवरच्या त्याच्या बसण्यात आहे.

आणि त्याच टेकडीवर खडीसाठी दगड फोडले जात होते. बोइव्हिन यांनी तेव्हाच तो धोका सांगितला होता. आपल्याकडे वारशाच्या नोंदीत लांबी-रुंदी असते, छायाचित्र असतं, पण दगड वाजतो का याचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. सह्याद्रीतल्या लेण्यांत, कोकणातल्या कातळशिल्पांच्या सड्यांवर दर वर्षी किती मंडळी मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन जातात. तिथल्या कोरीव कामाला हात न लावता एक टाळी वाजवावी, डोळे मिटून ती कुठवर जाते ते ऐकावं आणि तेही वहीत टिपून ठेवावं. टाळीला खर्च येत नाही, आणि फोनमध्ये रेकॉर्डर सगळ्यांच्याच असतो.