टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ : शैक्षणिक व सामाजिक उपयोग

टेबलाभोवती बसून, बोलता बोलता गोष्ट रचत जाण्याचा हा खेळ. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. खेळाडू त्याला ‘गेम मास्टर’ म्हणतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ उत्तरातली कृती साधेल की फसेल हे सांगता येत नसेल, तर फासे टाकून निवाडा होतो. सहसा कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. या खेळाचे बहुतेक फायदे याच रचनेतून येतात; कथेत राक्षस आहेत की अंतराळयाने, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे.

खेळाचे मूळही शिक्षणातच सापडते. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना निर्णय घ्यायला शिकवण्यासाठी ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ वापरला जाई. १८२४ मध्ये त्याचे नियम छापले गेले. त्यात नकाशा, फासे आणि निवाडा देणारा पंच होता. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी एका युद्धखेळात खेळाडूंना फौजांऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्या मंडळीतले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. या प्रकारचा हा पहिला प्रकाशित खेळ मानला जातो.

गणित येथे गरज म्हणून येते. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३० टक्के असते. दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा मिळाली, तर ती ५१ टक्क्यांवर जाते. तीन साध्या फाशांच्या २१६ शक्यतांपैकी बेरीज ३ फक्त एकदाच येते, तर १० तब्बल २७ वेळा. आपल्या पात्राचा जीव टांगणीला लागलेला असताना हा फरक मुलाला जसा कळतो, तसा फळ्यावरच्या उदाहरणातून क्वचितच कळेल. वाचनाचेही असेच आहे. नियमपुस्तके जाडजूड असतात, भाषा सोपी नसते; तरी खेळायचे आहे म्हणून मुले ती वाचतात, आणि पात्राची पूर्वकथा लिहिण्यासाठी आपणहून लेखणी उचलतात.

सामाजिक लाभ अधिक खोलवर जातात. दार फोडायचे की पहारेकऱ्याशी बोलायचे, हे ठरवताना दुसऱ्याचे ऐकावे लागते, आपले म्हणणे पटवावे लागते, कधी माघार घ्यावी लागते. आणि जे ठरेल त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. बुजऱ्या खेळाडूला पात्राची ढाल मिळते. सुरुवातीला तो ‘माझं पात्र विचारतं’ असे म्हणतो आणि काही बैठकींनंतर नकळत ‘मी विचारतो’वर येतो. मराठीत खेळताना आणखी एक गंमत घडते. मुलीने पुरुषपात्र घेतले, की ‘मी जाते’चे ‘मी जातो’ करावे लागते आणि आपण दुसऱ्या कोणाच्या तरी जागी उभे आहोत याची आठवण जवळजवळ प्रत्येक वाक्याला होते.

डेन्मार्कमधील होब्रो येथे २००६ पासून चालणाऱ्या ओस्टरस्कोव्ह एफ्टरस्कोले या निवासी शाळेत भूमिकाखेळ ही अध्यापनाची मुख्य पद्धत आहे. सामाजिक चिंता असलेल्या किंवा स्वमग्न किशोरांसाठी काही समुपदेशकही असे गट चालवतात. निष्कर्ष आशादायक आहेत, पण बरेच अभ्यास लहान गटांवर आणि मुलाखतींवर बेतलेले आहेत. म्हणून याला उपचारपद्धतीचा पर्याय समजू नये.

या खेळावर एकेकाळी गंभीर आरोप झाले. १९८०च्या दशकात अमेरिकेत आत्महत्या आणि सैतानपूजेशी त्याचा संबंध जोडला गेला, आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध एक संघटनाही उभी राहिली. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांचा खेळाडूंमध्ये बसून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसले ते स्वतःचे संकेत असलेले एक छोटे समाजजीवन. खेळामुळे आत्महत्या घडतात, हे पुढे कधीच सिद्ध झाले नाही.

भावनिक धोका मात्र खोटा नाही. पात्राचा राग किंवा दुःख कधी खेळाडूत उतरते. म्हणून पहिल्या खेळाआधी एक बैठक घेऊन कोणते विषय नकोत हे ठरवतात. ‘एक्स-कार्ड’ची पद्धतही रूढ आहे : टेबलावरच्या कार्डाला कोणीही हात लावला, की चालू प्रसंग तिथेच सोडून द्यायचा आणि कारण विचारायचे नाही. दुसऱ्याचा नकार स्पष्टीकरण न मागता मान्य करायचा, हा धडा कोणत्याही कथेपेक्षा मोलाचा वाटतो.

शाळेत खरी अडचण पटसंख्येची येते. एका सूत्रधाराला चार-पाच खेळाडू सोयीचे पडतात. मोठ्या वर्गात एकेक पात्र पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाकडे देतात. गटाने आपसांत चर्चा करून एकच कृती सांगायची आणि फासा टाकायचा मान दर वेळी वेगळ्याला द्यायचा. खेळ संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे भूमिका बाजूला ठेवून, कोणी काय आणि का ठरवले यावर बोलणे होते. घाईत नेमका हाच भाग गाळला जातो आणि शिकण्याचा बराचसा वाटा त्याबरोबर जातो.