किलोओहमच्या भावाने गिटार

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, की भाचा मोबाइल घेऊन माझ्या शेजारी ठाण मांडतो. यंदा त्याने दोन इलेक्ट्रिक गिटारी दाखवल्या. दोन्ही नव्याकोऱ्या, दोन्ही सेलमधल्या. एक साडेनऊ हजारांची, तिच्या पिकअपपुढे लिहिलेलं 6 किलोओहम. दुसरी चौदा हजारांची, पिकअप 16 किलोओहम.

"मामा, सोळावाली घेऊ ना? भाव दीडपट, पण पॉवर जवळजवळ तिप्पट!"

जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या पोराचा हिशेब. वजन जास्त, तर माल जास्त. पण ओहम हे पॉवरचं माप नाही, तारेच्या रोधाचं आहे. हे दहावीच्या पुस्तकात असतं, जाहिरातीत नसतं.

आमच्या आईने चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "पोट कोठे शे?" नेमका प्रश्न. साध्या गिटारीला पोकळ पेटी असते, तिच्यातली हवा घुमते. इथे तर भरीव फळी. मग आवाज येतो कुठून?

तारांखाली जो चपटा तुकडा बसवलेला असतो, तो पिकअप. आत कायमचे चुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार चुंबकाच्या सहवासात स्वतःही थोडी चुंबक होते. ती छेडली, की गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर कमीजास्त होतं आणि गुंडाळीत तितक्याच वेळा वीज उलटसुलट वाहू पाहते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा थरथरते, तर वीजही 82 वेळा. फॅरेडेने हे तत्त्व 1831 साली दाखवलं. शंभर वर्षांनी, 1931 च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज बोशँपने ते गिटारीला जुंपलं. हवेचा यात काही संबंध नाही. नायलॉनची तार लावा, पिकअप मुका. (मनगटात चुंबकाचं कडं घातलं की रक्तातलं लोह ओढलं जातं, असं सांगून कडी विकणाऱ्यांनाही हाच नियम लागू. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळा नव्हे. प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच सरतं.)

आता ते किलोओहम. केळीच्या मळ्यावरची मोटर जळाली, की आपण ती भरायला टाकतो. वाइंडिंगवाल्याकडे जी लालसर, लॅकरचा थर दिलेली तार असते तिचीच ही धाकटी बहीण, जाडी फक्त 0.063 मिलिमीटर. एका पिकअपला असे आठेक हजार वेढे बसतात, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त तार. तिचा रोध 6 किलोओहम भरतो. त्याऐवजी 0.056 मिलिमीटरची तार घेऊन तेवढेच वेढे दिले, तर रोध सव्वापट होतो. वेढे तेच, चुंबक तोच. जाहिरातीतला आकडा मात्र फुगला.

एवढ्याने भाच्याचं समाधान होईना, म्हणून माझी जुनी गिटार उघडली आणि मीटर लावला. सकाळी खोलीत 28 अंश होते, काटा 6.2 वर. दुपारी स्लॅब तापून खोली 42 अंशांवर गेली, तोच पिकअप 6.5. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. भाच्याच्या हिशेबाने आमची गिटार जेवणानंतर जास्त दमदार व्हायला हवी होती.

मग आवाज ठरतो कशाने? इथे माझा आवडता भाग सुरू होतो, जरा दम धरा.

अखाजीचा निंबाला टांगलेला झोका आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत ढकललं, तर कमी जोरातही उंच जातो. बेलय ढकलाल तर आपलेच हात दुखतात. दोर लांब केला, की लय संथ होते. पिकअपचंही तसंच आहे. गुंडाळीला विजेतला बदल सहजी रुचत नाही, ती एक प्रकारची जडता, तिला इंडक्टन्स म्हणतात. आणि गिटारीपासून ॲम्पपर्यंतची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीपर्यंतची केबल थोडा विद्युतभार साठवत राहते, मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. जडता आणि साठवण एकत्र आली, की विजेचा झोका तयार होतो आणि त्याच्या लयीजवळचे सूर उठून येतात. त्याच्या वरचे झपाट्याने दबतात.

सहा किलोओहमच्या एकेरी गुंडाळीचा इंडक्टन्स सुमारे 2.5 हेन्री. पाच मीटरची केबल आणि गुंडाळीची स्वतःची साठवण मिळून 600 पिकोफॅरड धरा. दोघांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याला 2π ने गुणायचं आणि उत्तराने एकाला भागायचं. येतात साधारण 4100 हर्ट्झ. हाच पट्टा आपल्या कानाला सर्वांत तिखट लागतो, म्हणून तो खणखणीत, काच वाजल्यासारखा आवाज. सोळा किलोओहमवाल्यात वेढे खूप, इंडक्टन्स 8 हेन्रीपर्यंत जाऊ शकतो. झोका 2300 हर्ट्झवर उतरतो. आवाज मोठा, पण गोधडीखालून आल्यासारखा. जोरकस रॉकला तो शोभतो, स्वच्छ सुरांना नाही. तिप्पट बिप्पट काही नाही, जातच वेगळी. केबल पाचाची दहा मीटर केली तरी झोका खाली येतो.

सोळावाल्याचा एक गुण मात्र खरा. तो हंबकर आहे, म्हणजे शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या. एकीचे वेढे उलटे, चुंबकही उलटा. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण दोघींत उलटसुलट येऊन मिटते. तारेच्या बाबतीत वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे असल्याने उलट्याचं उलट सुलट होतं आणि सूर बेरजेत जातो. सेथ लव्हरने 1955 मध्ये केलेली ही करामत अजून जुनी झालेली नाही.

सेलमध्ये बघायचं ते वेगळंच. पिकअप दोन वायरींचे टाके काढून केव्हाही बदलता येतो, वाकडी मान आणि तिच्यावर वरखाली बसलेल्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) नाही. म्हणून स्वस्त गिटारीत मान पाहावी, पट्ट्यांच्या कडांवरून बोट फिरवून ओरखडतंय का बघावं. आवाज हळू वाटला, तर पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो तारांजवळ आणावा, फुकटात पॉवर वाढते. फार जवळ नको, चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर ढळतो.

भाच्याने सहावाली घेतली, उरलेल्यात छोटा ॲम्प. तिसऱ्या दिवशी जळगावहून फोन.

"मामा, गुणगुणते."

एकेरी गुंडाळी, गुणगुणणारच. म्हटलं, गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू गोल फिर. गुंडाळीची दिशा बदलली, की क्षेत्र कमी शिरतं. थोडा वेळ नुसती पावलं ऐकू आली.

"देव्हाऱ्याकडे तोंड केलं की एकदम गप्प बसते!"

"तिकडच्या आजीला सांगू नकोस," मी म्हटलं.