अश्लील चित्रफिती आणि लैंगिक गुन्हा: धागा किती पक्का?

देवगडजवळच्या एका गावात पालकसभा संपल्यावर एक बाई थांबल्या. ‘‘सर, मोबाइलवर ता घाणेरडा बघूनच हे गुन्हे होतत ना?’’ त्यांची मुलगी १२ वर्षांची. मला पटकन ‘हो’ म्हणवेना, कारण संशोधन तसं सांगत नाही. आणि नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, तर तेही खोटं ठरलं असतं.

डेन्मार्कने १९६९ साली अश्लील चित्रांवरची बंदी उठवली. तिथले गुन्हेशास्त्रज्ञ बेर्ल कुचिन्स्की यांनी पोलिसांच्या नोंदी तपासल्या. बलात्कार वाढल्याचं दिसलं नाही, मुलांवरच्या अत्याचारांच्या नोंदी तर घटल्या. उलट २०१६ साली सात देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असं साहित्य जास्त पाहणाऱ्यांत लैंगिक आक्रमकताही जास्त आढळली. पण आपल्याकडे होड्या शाकारल्या की पाऊस येतो, म्हणून कुणी होड्यांनी पाऊस आणला असं म्हणत नाही. मुळात आक्रमक असलेला पुरुषच असलं जास्त शोधत असेल, ही शक्यता उरतेच.

मला सगळ्यात पटतं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील मॅलमथ यांचं काम. बायकांविषयी मनात आधीच राग, त्यांच्यावर हुकमत गाजवायची ओढ आणि जिव्हाळ्याशिवायच्या शरीरसंबंधांची सवय, हे सगळं ज्याच्यात एकवटलंय, त्याच्या बाबतीत वारंवार पाहण्याने धोका ठळकपणे वाढतो. इतरांत फरक किरकोळ. कॅनडात मुलांवर अत्याचार केलेल्या ३४१ पुरुषांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही किती वेळा पाहिलं याचा पुन्हा गुन्हा करण्यावरचा परिणाम मुख्यतः आधीच जास्त धोक्याच्या गटात दिसला. विकृत आशय पाहणाऱ्यांत मात्र पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका सगळ्याच गटांत वाढलेला होता.

मुलांच्या अश्लील चित्रफितींची गोष्टच निराळी. तिथे प्रत्येक चित्रामागे एका खऱ्या मुलावरचा अत्याचार असतो. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका असं सांगितलं, आणि असं साहित्य नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं हे स्पष्ट केलं.

त्या बाईंना मी आणखी एक गोष्ट सांगितली. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार आपल्या देशात दहापैकी नऊहून अधिक बलात्कारांत आरोपी ओळखीचा असतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग मोबाइल बाजूलाच राहिला आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांविषयी मुलीशी कसं बोलायचं, हे त्या विचारू लागल्या. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर त्यांनी मुलीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला.