‘आधी शोध की रे!’ हे आलं कुठून?

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकावा. कुणीतरी विचारलेलं असतं, ‘पायथन टाकलंय, पण चालू होत नाहीये. काय करू?’ (पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा.) सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. दोन मिनिटांत सीनियरचं उत्तर येतं: ‘आधी शोध की रे!’ हा सूर त्या सीनियरपेक्षा वयाने बराच मोठा आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९मध्ये यूजनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्याची कल्पना मांडली. दूरदूरचे संगणक फोनच्या तारेवरून एकमेकांना संदेश पोचवत. पण डिस्कची जागा महाग, त्यामुळे जुने संदेश काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी पुसले जात. नवा माणूस आला की त्याला आधीचं काहीच दिसायचं नाही. मग तो तेच विचारणार, आणि जुनी माणसं फुकटात तेच पुन्हा लिहिणार. यावर तोडगा निघाला तो १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात. अंतराळावरच्या एका चर्चेत नासातल्या युजीन मिया यांनी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून अधूनमधून पाठवायला सुरुवात केली. ‘एफएक्यू’, म्हणजे नेहमी विचारले जाणारे प्रश्न, हे नाव तिथून रुळलं. म्हणजे ‘आधी वाचा’ म्हणण्याआधी कुणीतरी बसून लिहून ठेवलं होतं, हे विसरायला नको.

दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवी मुलं येत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग रीतभात शिकत. १९९३-९४च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी घरगुती ग्राहकांना यूजनेटचं दार उघडलं आणि तो सप्टेंबर संपेचना. ‘आरटीएफएम’ हे रागाचं उत्तर त्याच दुनियेतलं: मॅन्युअल वाच. मधलं एक अक्षर शिवीचं आहे, ते इथे राहू द्या.

१९९५मध्ये डेजा न्यूजने यूजनेटचे संदेश साठवून शोधण्याची सोय केली. २००१मध्ये तो साठा गूगलने घेतला. त्याच वर्षी एरिक रेमंड या प्रोग्रॅमरने प्रश्न कसा विचारावा यावर एक लांबलचक लेख लिहिला. विचारण्याआधी शोधा, आणि काय काय करून पाहिलं तेही सांगा, असं त्यात बजावलेलं आहे. २००८च्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने तर जुनाच प्रश्न पुन्हा आला की तो बंद करून आधीच्या उत्तराचा दुवा लावायची पद्धत पाडली. मला ही रीत त्यातल्या त्यात बरी वाटते. दार लावलं तरी पत्ता हातात दिला जातो.

आपल्याकडे रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय हेच करत आले आहेत. गाव कोणतं, आडनाव काय, एवढं विचारलं की वही निघते आणि पणजोबांचं नाव सापडतं. यजमानाने आधी स्वतः शोधून यावं, असं तिथे कुणी म्हणत नाही. पण गाव-आडनाव सांगता आलं नाही, तर गुरुजी तरी काय करणार?

मराठीत मात्र अडचण वहीचीच आहे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं मानक. देवनागरी त्यात १९९१पासून आहे, तरी मराठी छपाई पुढे कित्येक वर्षं जुन्या फाँटांवरच चालली. त्या फायलींत पडद्यावर ‘संगणक’ दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची चिन्हं असतात. त्यामुळे शोधयंत्राला तो शब्द सापडत नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या मुलाला तो येण्याआधीचं बोलणं सहसा दिसत नाही. म्हणजे तो पुन्हा १९८०च्या यूजनेटवरच येऊन उभा राहतो. सीनियर म्हणतो त्याप्रमाणे त्याने शोधायचं ठरवलं, तरी हाताशी येतात ती इंग्रजी पानं, आणि तीही नेमका इंग्रजी एरर टाइप केला तरच. तिरका फोटो काढण्यापेक्षा एररचा मजकूरच कॉपी करून पेस्ट करावा, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.