कर्णविषयक वैद्यकीय परिभाषा

कानाची रचना, कार्य आणि विकार यांसाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांचा समूह. हे शब्द तीन थरांतून आले आहेत. पाळी, मळ, पडदा, कान फुटणे, दडे बसणे हे बोलीतले. कर्णशष्कुली, कर्णनाद, पूतिकर्ण हे संस्कृत वैद्यकग्रंथांतले. आणि ऐरण, रिकीब (घोडेस्वाराची पाय ठेवण्याची कडी), अर्धवर्तुळाकार नलिका हे सोळाव्या शतकापासूनच्या यूरोपीय शारीरशास्त्रातून भाषांतराने आलेले. थर एकावर एक चढले, पण त्यांचे सांधे नीट बसले नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी एकच शब्द दोन अवयवांना लावला जातो, तर काही ठिकाणी एकाच विकाराला तीन नावे पडली आहेत. प्रस्तुत नोंदीचा भर या सांध्यांवर आहे.

व्युत्पत्ती : मराठी ‘कान’ हा प्राकृत ‘कण्ण’ आणि संस्कृत ‘कर्ण’ यांवरून आला, याविषयी दुमत नाही. खुद्द ‘कर्ण’ कशावरून आला हा प्रश्न मात्र जुना आहे. यास्काने निरुक्तात (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ; काळ अनिश्चित, इ.स.पू. सातवे ते चौथे शतक असा सर्वसाधारण अंदाज) तो ‘कृन्त्’ म्हणजे कापणे या धातूशी जोडला आहे : ज्याचे दार कोरून काढल्यासारखे असते तो कर्ण. तिथेच आग्रायण या दुसऱ्या आचार्याचे वेगळे मत नोंदवले असून त्यात गतिवाचक ‘ऋच्छ्’ धातू सुचवला आहे. आधुनिक तुलनात्मक भाषाशास्त्राने यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. तरीही यास्काचे निरीक्षण शारीरदृष्ट्या मोलाचे आहे, कारण कर्णमार्गाच्या आतल्या दोनतृतीयांश भागाभोवती खरोखरच हाडाची भिंत असते आणि तो कोरल्यासारखाच दिसतो. ‘बधिर’ शब्दाचा अर्थही यास्काने ‘बद्धश्रोत्र’, म्हणजे ज्याचे श्रवण बांधले गेले आहे तो, असा दिला आहे. मराठी ‘बहिरा’ हे त्याचेच प्राकृतातून आलेले रूप.

बाह्यकर्ण : ‘पाळी’ हा शब्द वरवर सोपा वाटतो. बोलीत कानाची पाळी म्हणजे डूल अडकवतात तो खालचा मऊ भाग, ज्यात कूर्चा (लवचिक, मऊ हाड) नसते. सुश्रुतसंहितेतली ‘कर्णपाली’ही बहुतेक ठिकाणी तीच आहे. कान टोचणे आणि फाटलेली पाळी सांधणे यांवर सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय असून त्यात सांधण्याचे पंधरा आकृतिबंध सांगितले आहेत. नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक अशी त्यांची नावे. आधुनिक मराठी शारीरलेखनात मात्र ‘कर्णपाली’ किंवा ‘कर्णपाळी’ हा शब्द डोक्याबाहेर दिसणाऱ्या अख्ख्या कानासाठी वापरतात. परिणामी ‘कर्णपालीची जखम’ असे लिहिले, तर ती टोचण्याच्या जागची की वरच्या कूर्चेची हे कळत नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही : कूर्चेला रक्तपुरवठा तिच्यावरच्या पातळ आवरणातून होतो, ते दुखावले की कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. अख्ख्या भागाला ‘बाहेरचा कान’ आणि खालच्या भागाला ‘पाळी’ म्हणणे अधिक सुरक्षित.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रत्यंगांच्या यादीत दोन ‘कर्णशष्कुलिका’ आणि दोन ‘कर्णपुत्रक’ येतात. शष्कुली हे मुळात एका तळलेल्या पदार्थाचे नाव. वळणावळणाच्या कानाला ते आकारसाम्याने दिले गेले असावे. पुत्रक म्हणजे कर्णमार्गाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा, असा अर्थ बहुतेक टीकाकार घेतात.

शंख शब्दाचा घोटाळा : कानाच्या परिभाषेत सर्वाधिक गोंधळ या एका शब्दाने केला आहे. संस्कृत वैद्यकात शंख म्हणजे कानशील. सुश्रुताच्या अस्थिगणनेत ‘गंड, कर्ण आणि शंख यांत एकेक’ हाड सांगितले आहे, म्हणजे कर्ण आणि शंख हे तिथे स्पष्टपणे वेगळे आहेत. त्यावरूनच कानशिलाच्या हाडाला शंखास्थी म्हणतात. इकडे यूरोपीय परिभाषेत बाहेरच्या कानातल्या खोलगट वाटीला ‘शिंपला’ या अर्थाचे ‘कॉन्का’ हे नाव आहे, आणि अंतर्कर्णातल्या वेटोळ्याला ‘गोगलगाय’ या अर्थाचे ‘कॉक्लिया’. भाषांतरकारांनी या वेटोळ्यासाठी शंख, शंखाकृती नलिका, शंबूक, कर्णावर्त असे पर्याय योजले. यांपैकी ‘शंख’ घेतला की शंखास्थीत शंख बसतो आणि वाचक समजतो की हाडाचे नाव आतल्या वेटोळ्यावरून पडले. वस्तुतः या दोन नावांचा परस्परसंबंध नाही. ‘कर्णावर्त’ हा शब्द आकार सांगतो आणि कोणत्याही जुन्या अर्थाशी भिडत नाही, म्हणून येथे तोच वापरला आहे.

सुश्रुताने कानात मोजलेले हाड कोणते, यावरही चर्चा झाली आहे. ते मध्यकर्णातल्या अस्थिकांपैकी (छोट्या हाडांपैकी) असावे, असा तर्क केला गेला. परंतु त्याच संहितेत नाक, कान, मान आणि डोळ्याचा कोश येथील हाडे ‘तरुण’ म्हणजे कूर्चामय असल्याचे सांगितले आहे. त्यामुळे ते बाहेरच्या कानाची कूर्चाच असण्याचा संभव जास्त. अस्थिका किंवा पडदा यांचे वर्णन प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांत आढळत नाही. कानाच्या मागे, खालच्या अंगाला असलेल्या ‘विधुर’ नावाच्या मर्माला इजा झाली की बहिरेपणा येतो, ही सुश्रुताची नोंद मात्र रचना न पाहता परिणामावरून केलेली असली तरी जागेच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मध्यकर्ण : पडद्यापलीकडची हवेने भरलेली पोकळी. बोलीत ‘पडदा’ आणि ग्रंथांत ‘कर्णपटल’ ही नावे स्थिर झाली आहेत. सोळाव्या शतकातला इटालियन शारीरशास्त्रज्ञ फालोप्पियो याने वापरलेला लॅटिन ‘टिंपॅनम’ म्हणजे नगारा. त्याचा रोख पडद्यापेक्षा अख्ख्या पोकळीवर होता. मराठीने नगाऱ्याऐवजी पडद्याची प्रतिमा निवडली. ती कळायला सोपी, पण डोळ्यालाही ‘पडदा’ असल्याने नुसते ‘पडद्याला भोक’ म्हणून भागत नाही. कान तपासण्याच्या दुर्बिणीतून निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि किंचित अर्धपारदर्शक दिसतो. हातोडी नावाच्या अस्थिकेचा दांडा वरून मध्याकडे उतरलेला असतो आणि त्याच्या टोकापासून पुढे-खाली प्रकाशाचा एक त्रिकोणी कवडसा पडलेला असतो. हा कवडसा विझला किंवा तुटक झाला, तर आत पाणी साचले आहे किंवा पडदा आत ओढला गेला आहे, असा संशय घेतात.

हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन अस्थिकांच्या नावांचा इतिहास वादाचा आहे. पहिल्या दोन अस्थिकांचा उल्लेख इटलीतल्या बेरेंगारिओ दा कार्पी याच्या १५२१ च्या भाष्यात सापडतो. त्यांचा शोध काही लेखक त्याच्या आधीच्या अकिल्लिनीला देतात. हातोडी आणि ऐरण यांच्याशी साम्य प्रसिद्ध झाले ते व्हेसेलियसच्या १५४३ च्या ग्रंथामुळे. त्यात तिसरी अस्थिका नव्हती. ती इंग्रासियाने नेपल्स येथे १५४६ मध्ये दाखवली, असे मानतात. पण त्याचे भाष्य त्याच्या मृत्यूनंतर, १६०३ मध्ये छापले गेले. मधल्या काळात कोलोंबो आणि यूस्टाकी यांनीही शोधाचा मान स्वतःकडे घेतला. फालोप्पियोने १५६१ मध्ये हे श्रेय उघडपणे इंग्रासियाला दिले. तो स्वतः दावेदार होऊ शकला असता, हे लक्षात घेता त्याची साक्ष वजनदार ठरते. रिकिबीसाठीचा ‘स्टेपीस’ हा लॅटिन शब्दही अभिजात नाही. रोमन घोडेस्वारांना रिकीब ठाऊक नव्हती, म्हणून तो मध्ययुगात घडवावा लागला. मराठीला ही अडचण आली नाही. अरबी-फार्सीतून आलेली रिकीब घोडदळाच्या भाषेत आधीपासूनच होती, आणि सुमारे ३ मिमी. लांबीच्या, शरीरातल्या सर्वांत लहान हाडाला ती नेमकी लागू पडली. लोहाराच्या दोन वस्तूंशेजारी स्वाराची एक वस्तू, असे हे त्रिकूट आहे.

या तीन अस्थिकांच्या साखळीचे काम दाब वाढवण्याचे आहे. पडद्याचे कार्यकारी क्षेत्र रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट असते. त्यात हातोडी-ऐरणीच्या तरफेची सुमारे १.३ पट भर पडते, म्हणजे एकूण वाढ २२ पटींच्या आसपास. ही वाढ नसती, तर हवेतला बहुतेक ध्वनी अंतर्कर्णातल्या द्रवावर आपटून परत फिरला असता.

घशाशी जोडणाऱ्या नळीला यूस्टाकीचे नाव आहे. त्याचे वर्णन १५६४ च्या सुमारास छापले गेले. नाव मात्र व्हाल्साल्व्हाने १७०४ च्या ग्रंथात रूढ केले. कानाचे बाह्य, मध्य आणि अंतर असे तीन भाग करण्याची पद्धतही त्याच ग्रंथातून पुढे आली. शेळ्या कानाने श्वास घेतात, हे प्राचीन ग्रीक विचारवंत अल्कमियॉन याचे मत ॲरिस्टॉटलने खोडून काढले आहे. त्या मतामागे याच नळीचे निरीक्षण असावे, असे काही इतिहासकार मानतात. प्रौढांत ती सुमारे ३.५ सेंमी. लांब असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळपास आडवी असल्याने सर्दी कानापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

अंतर्कर्ण : येथील शब्द जवळजवळ सर्व भाषांतरित आहेत. कर्णावर्ताला अडीच ते पावणेतीन वेढे असतात. त्यातली श्रवणेंद्रियाची पट्टी कोर्ती याने १८५१ मध्ये वर्णिली. या पट्टीवरच्या, ध्वनी टिपणाऱ्या केशपेशींची आतली ओळ सुमारे ३,५०० पेशींची आणि बाहेरच्या ओळी मिळून सुमारे १२,००० पेशींच्या असतात. ‘केशपेशी’ या शब्दाने केस मनात येऊ नयेत; ते पेशीच्या डोक्यावरचे सूक्ष्म तंतू आहेत, आणि या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

विकार : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग आहेत. हा भाग मूळ ग्रंथाला नंतर जोडला गेला, असे बहुतेक अभ्यासक धरतात. कर्णशूल, प्रणाद, बाधिर्य, क्ष्वेड, स्राव, कंडू, गूथ, कृमिकर्ण, प्रतिनाह, दोन विद्रधी, पाक, पूतिकर्ण, चार अर्श, सात अर्बुद आणि चार शोफ असा तो हिशेब. वाग्भटाने २५ सांगितले, तर चरकाने दोषांनुसार चार प्रकारांतच विषय आटोपला. यांतल्या प्रत्येक नावापुढे एक आधुनिक निदान लिहिण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत आहे. ती सोयीची असली तरी फसवी आहे, कारण जुनी नावे रुग्णाला जाणवणाऱ्या लक्षणाची आहेत आणि आधुनिक नावे बहुधा जागेची व प्रक्रियेची.

‘कान फुटणे’ याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सर्दीनंतर मूल रात्रभर कान धरून रडते, ठणका सहन होत नाही. पहाटे उशीवर पिवळसर डाग दिसतो आणि मूल शांत झोपलेले असते. मध्यकर्णातल्या पुवाच्या दाबाने पडद्याला भोक पडले, दाब उतरला, दुखणे थांबले. बोलीने फुटण्याचा तो क्षण नेमका पकडला आहे. संस्कृत परिभाषेत हीच घटना शूल (ठणका), पाक (पिकणे) आणि स्राव अशा तीन रोगांत विभागली जाते. आधुनिक नाव ‘तीव्र मध्यकर्णशोथ’ (शोथ म्हणजे सूज). कोणी शोथाऐवजी दाह लिहितात. पण दाह म्हणजे नुसती आग असा समज होतो, म्हणून शोथ बरा. असे भोक बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते.

‘कान वाहणे’ ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि बोलीने केलेला हा भेद वैद्यकानेही जपावा. न दुखता, थोडा पण दुर्गंधी स्राव महिनोन्महिने येत असेल, तर ‘कोलेस्टिॲटोमा’ आहे का, हे पाहावेच लागते. या नावाचे तीन घटक पित्त, मेद आणि गाठ असे आहेत, आणि यांतले एकही खरे नाही. क्रूव्हेल्येने १८२९ मध्ये त्याला मोत्यासारखी गाठ म्हटले होते. म्यूलरने १८३८ मध्ये आजचे नाव दिले आणि ते चिकटले. प्रत्यक्षात ती चुकीच्या जागी वाढलेल्या त्वचेची पिशवी असते. तिच्यात मृत पापुद्रे साचत जातात आणि ती भोवतालचे हाड खाते : आधी अस्थिका, मग चेहऱ्याच्या तंत्रिकेचे (मज्जातंतूचे) आवरण, कधी मेंदूकडची भिंत. ‘पूतिकर्ण म्हणजेच हा रोग’ असे लिहिणे धाडसाचे आहे. पूतिकर्णाची दुर्गंधी साध्या जुनाट स्रावातही येऊ शकते.

कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांतला भेद माधवनिदानात (बहुधा सातव्या-आठव्या शतकातले) सुरेख मांडला आहे. भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज येतात तो नाद, वेळूच्या बासरीसारखा स्वर येतो तो क्ष्वेड. आज दोन्हींसाठी कर्णनाद हाच शब्द चालतो. रुग्ण मात्र अजूनही भेद करतात. एकाला रातकिडे ऐकू येतात, दुसऱ्याला शिट्टी, तिसऱ्याला नाडीच्या तालावर धडधड. ही शेवटची तक्रार वेगळी नोंदवावी, कारण तिचे मूळ रक्तवाहिनीत असू शकते. ‘दडे बसणे’ मळ, सर्दी वा उंचीवरच्या दाबफरकाने होते, तर ‘कानठळ्या बसणे’ मोठ्या आवाजाने. पहिल्यात ध्वनीची वाट अडते, दुसऱ्यात केशपेशी थकतात. वहनजन्य आणि संवेदी-तंत्रिकाजन्य बहिरेपणा हा जो भेद रिने याची नादकाट्याची चाचणी (१८५५) दाखवते, त्याची ही बोलीतली जोडी म्हणता येईल.

अंतर्कर्णाशी निगडित असलेल्या तोलाच्या विकारांबाबत परिभाषा तोकडी आहे. संस्कृत वैद्यकाने चाकाप्रमाणे फिरवणारा ‘भ्रम’ मूर्च्छेच्या शेजारी ठेवला. कर्णरोगांत त्याला जागा नाही. यूरोपातही मेनिएरने १८६१ मध्ये भोवळ, कर्णनाद आणि बहिरेपणा यांचे एकत्र झटके अंतर्कर्णातून येतात असे मांडेपर्यंत ते मेंदूतल्या रक्तसंचयाचे मानले जात. बोलीत भोवळ, घेरी, चक्कर, अंधारी हे शब्द सरमिसळ वापरले जातात. त्यातल्या त्यात ‘गरगरणे’ हा खोली फिरल्याचा अनुभव सांगतो आणि ‘अंधारी येणे’ रक्तदाब उतरल्याचा. तपासताना हे दोन शब्द वेगळे विचारले, तर कान आणि हृदय यांतली निवड बरीचशी तिथेच होते.