सांभाळणारे थांबले, वापरणारे उरले: ओपन सोर्स साधने बंद पडण्यामागची पार्श्वभूमी

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे, साधन बंद पडल्याची दवंडी सहसा कोणी पिटत नाही. कोड लिहिण्याच्या अ‍ॅटम एडिटरसारखा अपवाद क्वचितच. तो थांबवत असल्याचे त्याच्या निर्मात्या गिटहब कंपनीने ८ जून २०२२ ला सांगितले आणि १५ डिसेंबरला कोड केवळ वाचण्यापुरता ठेवला. एरवी दुरुस्त्या विरळ होत जातात, तक्रारींना उत्तरे येत नाहीत आणि वापरणाऱ्याला पत्ता लागतो तो थेट संगणक बदलताना. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना ही वेळ समजावून सांगावी लागत नाही. बॅकअप वरच्या मजल्यावर असेल तर फाइली मिळतात. पण त्या उघडणारे सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला जावे, तर डाउनलोडची लिंक मेलेली असते किंवा त्याच नावाने भलतेच काही उतरते.

बंद झालेल्या कंपनीच्या ऑइल इंजिनाचा पार्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून आजही करून मिळतो. ओपन सोर्सचा परवाना हाच हक्क देतो: कोड घ्या, दुरुस्त करा, पुढे चालवा. मात्र तो फक्त हक्क देतो, लेथवर उभा राहणारा माणूस देत नाही. शिवाय इंजिन शेडमध्ये जसेच्या तसे उभे राहते, सॉफ्टवेअरच्या भोवतालचे मात्र सगळे हलत असते. विंडोज बदलते, जावा बदलते, सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत संपते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर लिहिलेल्या कितीतरी उपयोगी स्क्रिप्ट कोणी हात न लावता निकामी होत गेल्या.

कार्यालयांना सर्वांत जवळचे उदाहरण ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे. मूळ जर्मन कंपनी स्टारडिव्हिजन. ती १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २००० मध्ये कोड खुला केला. जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नव्या मालकावर भरवसा नसलेल्यांनी २८ सप्टेंबर २०१० ला डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर करून लिबरऑफिस वेगळे काढले. ओरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस अपाचे या ना-नफा संस्थेकडे सोपवले, पण काम करणारी बहुतेक मंडळी तोवर दुसरीकडे गेली होती. अपाचेची ४.१ आवृत्ती एप्रिल २०१४ ची. त्यानंतर आल्या त्या तिच्याच किरकोळ दुरुस्त्या. २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळायचा का, अशी उघड चर्चा त्यांच्याकडेच झाली. तरी नाव जुने आणि ओळखीचे असल्याने लोक तेच उतरवत राहिले. आमच्या मते हा प्रकार एकदम बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण दिवा लागलेला दिसतो आणि आत कोणी नसते.

ओपनऑफिसवरून लिबरऑफिसवर जाताना .ओडीटी फाइली अडत नाहीत. तो खुला, प्रमाणित फॉरमॅट आहे. अडतो तो शब्दसंग्रह आणि ऑटोकरेक्टची यादी. मराठीत टंकणाऱ्याने ती वर्षानुवर्षे भरलेली असते आणि नवे सॉफ्टवेअर ती आपणहून उचलत नाही. दोन्ही कार्यक्रम पूर्ण बंद करा. विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये ओपनऑफिस, ४, युजर या वाटेने जाऊन ‘वर्डबुक’ आणि ‘ऑटोकॉर’ हे फोल्डर घ्या आणि लिबरऑफिसच्या तशाच जागी ठेवा. तिथे आवृत्ती कितीही नवी असली तरी फोल्डरवर आकडा ४ च दिसतो. चुकीच्या जागी आलो असे वाटून मागे फिरू नका. मग भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) भाषा मराठी करा. ती हिंदी राहिली तर यादी जागेवर असूनही चालत नाही, कारण ऑटोकरेक्ट भाषेनुसार वेगळे साठवले जाते. जुन्या फाइलींचा गठ्ठा हेडलेस मोडने (खिडकी न उघडता, आदेश देऊन) एकदम पीडीएफ करता येतो. मात्र त्या वेळी लिबरऑफिसची एखादी खिडकी उघडी असेल तर आदेश काही न बोलता संपतो आणि फाइल तयार होत नाही.

छापखान्यांचा प्रश्न याहून किचकट. पाने मांडण्याचे पेजमेकर ओपन सोर्स नव्हते, ७.० ही २००१ ची आवृत्ती शेवटची ठरली आणि कोड बंद असल्यामुळे पुढे चालवणारा कोणी उभा राहू शकला नाही. गंमत अशी की त्या फाइली वाचण्याची सोय शेवटी ओपन सोर्सवाल्यांनीच केली. २०१५ च्या लिबरऑफिस ४.४ पासून त्यातल्या ड्रॉ या भागात पेजमेकरच्या फाइली उघडतात. मांडणी ढोबळ येते. मजकूर येतो, पण तो श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटच्या कोडमध्ये असेल तर फाँटशिवाय नुसती गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये नेताना चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. ‘स्थिती’मध्ये ती अर्ध्या स ला ओलांडून थ च्या नंतर न्यावी लागते. रफार उलटा, अक्षरानंतर टंकलेला. ‘कार्यालय’मध्ये तो य च्या आधी आणावा लागतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर आणखी एक घोळ घालतात, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ करतात. म्हणून सगळे काम लोटण्याआधी हे तीन शब्द असलेले एक पान चालवून पाहावे, आणि नंतर पूर्ण मजकुरात ‘र्या’ शोधावे.

अचानक थांबण्याचे ठळक उदाहरण म्हणजे डेटा सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारे ट्रूक्रिप्ट. २८ मे २०१४ ला त्याच्या संकेतस्थळावर ‘हे सुरक्षित नाही’ अशा अर्थाची सूचना झळकली आणि निनावी निर्माते गेले ते गेलेच. २०१३ मध्येच वेगळे निघालेले व्हेराक्रिप्ट पुढे चालले. ट्रूक्रिप्टचे जुने कंटेनर (कुलूपबंद फाइली) त्यात उघडायचे, म्हणून बहुतेकांनी ते तसेच ठेवले. पण २०२३ च्या १.२६ मालिकेत ही सोय काढून टाकली. कोणाच्या कपाटात ट्रूक्रिप्टची जुनी डिस्क असेल, तर १.२५.९ ही आवृत्तीच लागेल. तिने उघडून मजकूर नव्या कंटेनरमध्ये हलवावा. वारसदार मिळाला म्हणजे तो जन्मभर जुने ओझे वाहील असे नाही.

आणि वारसदार कोण, हेही पाहावे लागते. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे जावास्क्रिप्टचे छोटे पॅकेज थकलेल्या निर्मात्याने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवले. त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड शिरला. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, तोही दीर्घकाळ विश्वास कमावून सहसांभाळकर्ता झालेल्या खात्याने घातलेला.

फोनवर हा अनुभव सिंपल मोबाइल टूल्सने दिला. गॅलरी, कॅलेंडर, फोनबुक अशी ही जाहिरातमुक्त अ‍ॅप २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकली गेली. जुन्या सहभागींनी कोड घेऊन फॉसिफाय सुरू केले. नवे अ‍ॅप जुन्यावर अपडेट म्हणून बसत नाही, कारण अँड्रॉइडच्या लेखी पॅकेजचे नाव आणि सहीची किल्ली वेगळी, म्हणजे अ‍ॅपच वेगळे. त्यामुळे आधी जुन्या कॅलेंडरमधून .आयसीएस आणि फोनबुकमधून .व्हीसीएफ काढून घ्यावी, नव्यात भरावी, पाच-दहा नोंदी ताडून पाहाव्यात आणि मगच जुने काढावे. फोनपुरत्या साठवलेल्या नोंदी अ‍ॅप काढताच त्याच्याबरोबर जाऊ शकतात.

प्रत्येक थांबलेले साधन टाकायलाच हवे असेही नाही. काही साधने पूर्ण झालेली असतात. फाँट बदलणारी किंवा फाइलींची नावे बदलणारी स्क्रिप्ट पाच वर्षे न हलली तरी बिघडत नाही. जे इंटरनेटला जोडते, बाहेरून आलेल्या फाइली उघडते किंवा पासवर्ड सांभाळते, ते मात्र सोडावे. सोडता येत नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी विंडोज टाकून नेटवर्क अ‍ॅडॉप्टर बंद करावा आणि साधन तिथे चालवावे. मूळ इन्स्टॉलर त्याच्या चेकसमसह (फाइल बदललेली नाही हे ताडण्याच्या आकड्यासह) डेटाच्या बॅकअपशेजारीच ठेवावा. नुसता सोर्स कोड ठेवून भागत नाही. त्याला लागणाऱ्या लायब्ररींच्या (तयार कोडसंचांच्या) नेमक्या आवृत्त्या नसतील तर तो बहुतेक वेळा बिल्डच होत नाही, म्हणजे त्यातून चालणारे सॉफ्टवेअर बनत नाही.